कर्करोगानंतरची मोठी जखम आणि फ्लॅप शस्त्रक्रिया

कर्करोगाची गाठ काढताना तिच्याभोवतीचा निरोगी दिसणारा भागही काही अंतरापर्यंत काढावा लागतो. तंबाखू-मिश्रीमुळे होणाऱ्या गालाच्या कर्करोगात कधी गाल आरपार जातो, सोबत जबड्याचे हाडही जाते. अशी जखम नुसत्या टाक्यांनी मिटत नाही. मांडीची पातळ कातडी लावावी, तर तिला खालून रक्त मिळावे लागते. उघड्या हाडावर किंवा किरणोपचाराने रक्तपुरवठा मंदावलेल्या जागी ती धरत नाही. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे त्वचा, चरबी, स्नायू आणि गरजेप्रमाणे हाड असलेला, स्वतःचा रक्तपुरवठा सोबत आणणारा जिवंत तुकडा.

या तंत्राच्या इतिहासात पुण्याला मानाचे स्थान आहे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेतील गाडीवान कावसजी याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा भुवयांमध्ये जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवे नाक घडवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. त्यानंतर जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली. त्वचेच्या कर्करोगात गेलेले नाक आजही कपाळाच्या फ्लॅपने घडवतात.

तोंडाच्या कर्करोगात छातीचा फ्लॅप फार उपयोगी पडतो. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. छातीचा स्नायू व त्वचा मूळ रक्तवाहिनीला जोडलेलीच ठेवून गळपट्टीच्या हाडावरून, मानेच्या त्वचेखालून वर आणतात. मुक्त फ्लॅपमध्ये मात्र तुकडा पूर्ण सोडवतात आणि काही मिलिमीटर जाडीच्या त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. जीभ किंवा गालासाठी मनगटाजवळची पातळ त्वचा, तर जबड्यासाठी पायाचे बारीक हाड घेतात. शरीराचा बहुतेक भार शेजारचे जाड हाड पेलत असल्याने रुग्ण पुन्हा चालू शकतो.

पहिले दोन-तीन दिवस कसोटीचे. फ्लॅप फिका व थंड पडला तर रक्त येत नाही, निळसर फुगला तर परत जात नाही. दोन्ही वेळी तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करून तो वाचवता येतो, म्हणून परिचारिका वारंवार रंग व ऊब तपासतात. गावी परतल्यावर ताप, पू किंवा मानेच्या जखमेतून लाळ येऊ लागली, तर घरगुती उपाय न करता लगेच रुग्णालय गाठावे. तंबाखू कायमची सोडावी. तोंड उघडण्याचे, गिळण्याचे व बोलण्याचे व्यायाम सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावेत. जखम भरल्यावर, गरज असल्यास, किरणोपचार वेळेवर सुरू करता येतात.