अक्षरगटांतून अर्थाकडे : फलटणची वाचनपद्धती आणि मराठवाड्यातील पहिलीचा वर्ग
(लेखांक ५)

दहावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांकडेही विद्यार्थ्यांचा ओघ लागला, परंतु या यशाचा पाया ज्या पहिलीच्या वर्गात घातला जातो, तेथे मूल वाचायला नेमके कसे शिकते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. मागील लेखांकात ध्वनिजाणिवेचा, म्हणजे बोललेल्या शब्दातील सुटे ध्वनी कानाने ओळखण्याच्या क्षमतेचा, विचार झाला. त्या पायावर लिपी कशी उभी राहते, हे समजून घेण्यासाठी फलटण (जि. सातारा) येथील कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेचे उदाहरण मोलाचे आहे.

अमेरिकेत जन्मलेल्या, पण फलटणलाच घर मानून पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६ मध्ये ही शाळा सुरू झाली. त्यापूर्वी दलित वस्त्यांतील मुलांबरोबर केलेले काम आणि फलटणच्या बोलीवरील संशोधन या दोहोंचा ठसा शाळेच्या भाषाशिक्षणावर उमटला.

रूढ पद्धतीत मूल आधी सर्व मुळाक्षरे गिरवते, मग बाराखडी पाठ करते आणि जोडाक्षरे ओलांडल्यावर वाक्यापर्यंत पोहोचते. चौतीस व्यंजनांना बारा स्वरचिन्हे जोडली, तरी अक्षररूपे चारशेच्या वर जातात. एवढा डोंगर चढेपर्यंत मुलाच्या हाती अर्थ असा काहीच लागत नाही आणि ‘वाचन म्हणजे घोकणे’ अशी त्याची समजूत पक्की होते. फलटणच्या पद्धतीत वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून मोजकी अक्षरे आणि एखाद-दुसरी मात्रा यांचा एक गट केला जातो. उदाहरणार्थ, क, म, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढ्याच सामग्रीतून काका, मामा, काम, कान, नाक, कमान, लाल असे शब्द तयार होतात आणि ‘नाक लाल, कान लाल’ हे थंडीतल्या सकाळचे वर्णन मूल पहिल्याच गटात स्वतः वाचू शकते व लिहूही शकते. पुढच्या गटात नवी अक्षरे येतात, जुनी त्यांच्यात मिसळतात आणि उजळणी वेगळी करावी लागत नाही. क्रमाचा हा बदल लहान दिसतो, पण लिपी अर्थासाठी आहे ही जाणीव मुलाला त्यातूनच सुरुवातीपासून होते.

दुसरे सूत्र मुलाच्या बोलीचे आहे. उदगीर किंवा कंधारकडचे मूल ‘माय भाकर करायली’ असे म्हणते, तेव्हा ते वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहिले गेले, तर आपले बोलणे लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा वाचता येते, हा साक्षरतेचा गाभा त्याला उमगतो. प्रमाण मराठीतील ‘आई भाकरी करत आहे’ हे रूप गोष्टी आणि पुस्तके यांच्या सहवासातून नंतर रुळते. तोंडातून निघालेले पहिलेच वाक्य चूक ठरले, तर मूल बोलणे आवरते आणि मग लिहिण्यासारखेही काही उरत नाही.

नांदेड-लातूरसाठी हे सूत्र विशेष महत्त्वाचे आहे, कारण देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, निलंगा-देवणीकडे कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरबोली आणि अनेक गावांत उर्दू किंवा दखनी ही घरची भाषा असते. अशा वर्गात शब्द आधी तोंडी ओळखीचा करून, चित्राशी वा वस्तूशी जोडून, मगच लिपीत आणावा लागतो; अन्यथा मूल अक्षरे उच्चारते, पण त्यांचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील मुले परततात, तेव्हा त्यांचा अभ्यास कोणत्या गटावर थांबला हे शिक्षकाला नेमके सांगता येते आणि शिकवणे तेथूनच पुढे नेता येते.

कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील पालघर जिल्ह्यांतील मुलांच्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरओळखीची यांत्रिक घोकंपट्टी आणि अर्थाकडे होणारे दुर्लक्ष हे त्यातही अडचणीचे मूळ असल्याचे दिसून आले. म्हणून अक्षरगट ही केवळ युक्ती समजून उचलली, तर ती नव्या रूपातील घोकंपट्टीच ठरेल. तिच्या जोडीला शिक्षकाने रोज मोठ्याने वाचून दाखवलेली गोष्ट, मुलांच्या हाती पडणारी पुस्तके आणि मनातले लिहिण्याची मोकळीक असली पाहिजे. यासाठी इमारत वा महागडे साहित्य लागत नाही, मात्र शिक्षकाला वेळ आणि विश्वास द्यावा लागतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांनी व पालकांनी पहिलीच्या मुलाला ‘बाराखडी कुठपर्यंत आली’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय वाचलेस, काय लिहिलेस’ असे विचारावे; वर्गातील शिकवणे बदलण्याची सुरुवात या प्रश्नापासून होऊ शकते.