वाजवायला जागा हवी

मुंबईत 1984 साली 'रॉक मशीन' नावाचा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. त्या काळी भारतातला रॉक बँड म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करणारी मंडळी, असाच समज होता आणि तो बराचसा खराही होता. रॉक मशीनने 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या रचनांचा अल्बम काढला, 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग' काढला, 1993 मध्ये 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळवला. 1995 मध्ये तिसरा अल्बम आला आणि 1997 मध्ये बँड मोडला. तेरा वर्षांत तीन अल्बम, एवढाच त्यांचा तोवरचा छापील हिशोब. बाकीचं सगळं काम झालं ते ठिकठिकाणच्या मंचांवर, आणि ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच राहिलं. या बँडचं काय झालं हे सांगताना गुणवत्ता, प्रेक्षकांची आवड, हिंदी सिनेमाचं वर्चस्व अशी कारणं दिली जातात. माझ्या मते त्याहून मोठं कारण साधं आहे. आपल्याकडे वाजवणारे होते, ऐकणारे होते; पुन्हा पुन्हा वाजवायला जागा नव्हती, आणि ज्या थोड्या होत्या त्या टिकल्या नाहीत.

बँड तालमीच्या खोलीत जमतो, पण घडतो लोकांसमोर. बीटल्स हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. जगाने त्यांचं नाव ऐकण्याआधी ते हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्र, तासन्‌तास वाजवत होते आणि लिव्हरपूलच्या 'कॅव्हर्न' या तळघरातल्या क्लबमध्ये 1961 ते 1963 या काळात त्यांनी जवळपास तीनशे कार्यक्रम केले. एकाच ठिकाणी इतक्यांदा उभं राहिलं, की कालचीच गाणी कालच्यासारखीच वाजवून भागत नाही. समोरचा श्रोता तोच असतो, तो कंटाळतो, मग नवं रचावं लागतं. रॉक मशीनला असं एक ठिकाण मिळालं नाही. त्यांचा आधार होता महाविद्यालयीन महोत्सवांचा: मुंबई आयआयटीचा 'मूड इंडिगो' आणि देशभरातले त्याच्यासारखे मेळे. तिथे श्रोते उदंड, पण वर्षातून एकदाच येणारे. पुढच्या वर्षी तीच मुलं तिथे असतील याचीही खात्री नाही. उरलं धोबी तलावचं रंगभवन. सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं हे खुलं नाट्यगृह. 1978 मध्ये तिथे 'जॅझ यात्रा' सुरू झाली, आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापासून 15 ऑगस्टच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागला. मुंबईतल्या रॉकवाल्यांच्या एका पिढीसाठी रंगभवनचा मंच म्हणजे शेवटची परीक्षा होती.

त्याआधीची पिढी तर आणखी विस्मरणात गेली आहे. 1970 आणि 1971 मध्ये एका सिगारेटच्या ब्रँडने 'सिमला बीट' नावाची बँडस्पर्धा घेतली आणि निवडक बँडांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, म्हणून निदान ती नावं उरली. कुलाब्यात 'स्लिप डिस्क' नावाचा क्लब होता. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये मुंबईत आले, तेव्हा तिथेच त्यांनी स्थानिक वादकांना सोबत घेऊन वाजवलं. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडने सत्तरचं दशक मुंबईत गाजवलं, पण त्यांची पूर्ण लांबीची एकच ध्वनिमुद्रिका निघाली, तीही 1981 मध्ये. अनेक वर्षांनी एका अमेरिकी कंपनीने ती धूळ झटकून पुन्हा बाजारात आणली, तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला. नंतर जुहूचं 'रॅझबेरी ऱ्हायनोसेरस' आलं, तिथे पेंटाग्राम, झीरो यांच्यासारखे बँड वाढले, तेही गेलं. डिसेंबर 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं. ध्रुव घाणेकर आणि आशुतोष फाटक हे संगीतकार त्याच्या संस्थापकांपैकी होते. ज्या गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांचं लाल बावटा कलापथक घुमलं, तिथेच गिरणीच्या आवारात पुन्हा जिवंत संगीताची जागा उभी राहावी, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. तीही 2016 मध्ये बंद झाली.

हे सगळं वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या रिसोडला कशाला सांगायचं, असं विचारलं जाईल. कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर मराठी मुलखाने आधीच शोधून ठेवलेलं आहे. तमाशाकडे पाहा. त्याचे दोन प्रकार. ढोलकी फड गाड्यांतून तंबू, कनाती, दिवे घेऊन जत्रेजत्रेला फिरतो. नारायणगावला राहुट्या पडतात आणि गावकरी तिथे येऊन सुपारी देतात. संगीत बारी मात्र एका थिएटरात मुक्काम करते, रोजच्या रोज बैठक करते. एक फिरती वाट, एक कायमची जागा. दोन्ही असल्यामुळे ही कला एवढ्या हालांतूनही तगली. झाडीपट्टीत वडसा हे नाटकांच्या सुपाऱ्यांचं केंद्र आहे. दिवाळीनंतर तिथून निघालेल्या मंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्र-रात्र प्रयोग करतात. वामनदादा कर्डक आयुष्यभर खेड्यापाड्यांतून गात फिरले, आणि आजही विदर्भ-मराठवाड्यातल्या गायन पार्ट्या आंबेडकर जयंतीच्या दिवसांत तशाच फिरतात. फिरतीचं हे शास्त्र मुंबईच्या रॉकवाल्यांनी आपल्याच राज्यात शिकायला हवं होतं. पण ते शिकले नाहीत, कारण भाषा, वर्ग आणि शहर या तिन्ही भिंती आड आल्या. हा दोष मी त्यांच्या पदरात निःसंकोच टाकतो.

पहिला आक्षेप आवाजाचा आहे आणि तो गंभीर आहे. रंगभवनचे कार्यक्रम थांबले ते ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांमुळे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र पाळायचं, आणि रंगभवनच्या शेजारी कॉलेज आहे, कामा आणि जी. टी. ही रुग्णालयं आहेत. आजारी माणसाच्या झोपेपुढे गिटारचा हक्क मोठा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. याच नियमांतल्या रात्री दहाच्या मर्यादेने तमाशाच्या फडांचंही कंबरडं मोडलं, हे मात्र इथे लक्षात ठेवावं. इंग्रजी रॉक आणि मराठी वग एकाच नियमाखाली आले. पण तोच नियम नीट वाचला तर वाटही दाखवतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या बंदीतून बंद सभागृहं, समाजमंदिरं, मेजवानीची दालनं वगळलेली आहेत, आवाज आतल्या आत राहिला तर. शिवाय सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. म्हणजे कायद्याने संगीत बंद केलेलं नाही, उघड्यावरचं कर्ण्याचं संगीत आवरलं आहे. आपण मात्र बंद, आवाज अडवणाऱ्या खोल्या बांधल्या नाहीत आणि दोष कायद्याला दिला.

दुसरा आक्षेप असा, की रॉक ही परक्यांची, इंग्रजी बोलणाऱ्या पोरांची हौस आहे. पण भजनातली पेटी युरोपातून आली, वरातीतला बँडबाजा गोऱ्या पलटणींकडून आला, आणि आज त्यांना कुणी परकं म्हणत नाही. वाद्य कुणाचं हे ते किती लोकांत वाजतं यावर ठरतं. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' या बँडने संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सवर घेतले. ते कुणाला आवडो न आवडो, वारकऱ्यांच्या मुलखातून याच वाटेने आणखी कुणी निघू शकेल एवढं तर दिसलं. लग्नांच्या ऑर्केस्ट्रांत कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारी तरुण मुलं तालुक्याच्या गावांत आहेतच. मोबाइलवर सगळं ऐकायला मिळतं, मग जागा कशाला, हा तिसरा आक्षेप त्यांच्यापुढेच फिका पडतो. मोबाइल ऐकायला शिकवतो. चुकलेली सम समोरच्या तोंडांवर वाचून दुरुस्त करायला तो शिकवू शकत नाही.

रिसोड मुंबईपासून साधारण पाचशे किलोमीटर. पूर्वी हे अंतर कुठल्याही बँडला परवडणारं नव्हतं. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो शेजारच्या मेहकरवरून जातो. एक टेम्पो वाद्यं घेऊन संभाजीनगर, मेहकर, रिसोड, वाशीम, अमरावती असा आठवडा काढू शकतो, आणि इथल्या मुलांची टोळी उलट दिशेने निघू शकते. त्यासाठी मोठं नाट्यगृह लागत नाही. अशी नाट्यगृहं बांधली जातात, भाडं न परवडल्यामुळे कुलपात राहतात. लागते ती दोन-अडीचशे माणसांची खोली: जाड भिंती, दुहेरी दारं, छताला आणि भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, भरवशाची थ्री-फेज वीज, आणि विद्यार्थ्यांना परवडेल असं भाडं. भजनी मंडळ, गायन पार्टी, नाटकवाले आणि गिटारवाले, सगळ्यांना ती चालेल. महिन्यातला एक ठरलेला शनिवार स्थानिक मुलांसाठी राखून ठेवावा, तिकीट नाममात्र असावं पण असावंच, म्हणजे ऐकणारा मन लावून ऐकेल. रिसोड नगर परिषदेने, इथल्या महाविद्यालयांनी आणि मंगल कार्यालयांच्या मालकांनी पुढचं सभागृह बांधताना किंवा जुनं दुरुस्त करताना एवढा विचार नक्की करावा, आणि वाजवणाऱ्या मुलांनी ती मागणी लेखी घेऊन त्यांच्या दारात जावं.