संकलकावाचून घटक बसतो काय?

संगणकाचा प्रोसेसर केवळ यंत्रभाषा जाणतो. मनुष्य मात्र आज्ञावली लिहितो ती आपणांस वाचता येईल अशा भाषेत. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'सी' या भाषेतील मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनास संकलक, अथवा कंपायलर, असे म्हणतात. 'पायथन' ही भाषा १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील मजकूर दुभाष्यासारखे एक साधन चालविते. त्यास वेगळ्या संकलकाची गरज नसते.

तथापि पायथनचे पुष्कळ घटक निव्वळ पायथनमध्ये लिहिलेले नाहीत. मोठ्या कोष्टकांचे गणित करणाऱ्या 'नम्पाय' या घटकाचा महत्त्वाचा भाग वेगासाठी सी भाषेत आहे. असा घटक दोन रूपांनी मिळू शकतो. एक मूळ मजकुराचे, दुसरे तयार बांधणीचे. पहिले रूप धान्यासारखे असून जाते ज्याच्या घरी असेल त्यालाच उपयोगी पडते. दुसरे दळलेल्या पिठासारखे होय. विंडोज प्रणालीबरोबर सीचा संकलक येत नाही. अशा संगणकावर शिक्षकाने पाठासाठी घटक उतरवून घेतला आणि तो मूळ रूपातच निघाला, तर बसविण्याचे काम मध्येच थांबते व पाठही थांबतो. यास्तव ही परीक्षा आधीच करावी.

पहिली परीक्षा नावाची. तयार बांधणीच्या रूपास 'व्हील' म्हणतात. त्याची रचना २०१३ साली मान्य झाली. व्हीलच्या नावाच्या शेवटी तीन खुणा असतात: पायथनची आवृत्ती, यंत्रभाषेतील भागांचा परस्परमेळ आणि संगणकप्रणाली. शेवटच्या दोन खुणा 'नन' व 'एनी' अशा असतील, तर तो घटक कोणत्याही विशिष्ट प्रणालीशी बांधलेला नाही. अन्यथा तिन्ही खुणा आपल्या संगणकाशी जुळावयास हव्यात.

दुसरी परीक्षा आज्ञेची. घटक बसविणाऱ्या 'पिप' या साधनास 'ओन्ली-बायनरी' हा पर्याय 'ऑल' या मूल्यासह दिला असता ते मूळ रूप मुळीच स्वीकारीत नाही. घटकास लागणाऱ्या इतर घटकांनाही हाच नियम लागू होतो. आणि अडचण बहुधा तेथेच दडलेली असते. काम तडीस गेले तर संकलक लागत नाही, हे सिद्ध झाले. न गेले तर मात्र तो लागतोच असे म्हणता येत नाही. कारण निव्वळ पायथनमधील एखादा घटक केवळ मूळ रूपातच प्रसिद्ध झालेला असू शकतो.

अशा वेळी अंतिम निर्णय प्रयोगाने लागतो. ज्या संगणकावर संकलक आहे, त्यावर साध्या रीतीने घटक बसविल्यास संकलक गुपचूप आपले काम करून जातो आणि परीक्षकाची फसगत होते. म्हणून प्रयोग संकलकरहित संगणकावरच करावा. पूर्वी बांधलेली प्रत साठवणीतून उचलली जाऊ नये म्हणून पिपची साठवणही बंद ठेवावी. मूळ रूपातून घटक बसविताना त्याच्या कर्त्याने लिहिलेल्या आज्ञा आपल्या संगणकावर चालतात. तेव्हा हा प्रयोग महत्त्वाची कागदपत्रे नसलेल्या संगणकावर करणे शहाणपणाचे ठरते.

घटक बसला एवढ्याने परीक्षा संपत नाही. 'मार्कअपसेफ' सारखे काही घटक संकलक न मिळाल्यास सीचा भाग सोडून देतात व केवळ पायथनच्या भागावर, काहीशा मंद गतीने, चालतात. म्हणून घटक आज्ञावलीत आणून त्याच्याकडून एखादे लहानसे काम करवून पाहावे.

शेवटी प्रणाली, पायथन व घटक या तिघांच्या आवृत्त्या नोंदवून ठेवाव्यात. पायथनची नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक घटकाची तयार बांधणी तिच्यासाठी लगेच उपलब्ध होतेच असे नाही. आवृत्ती बदलली की परीक्षा पुन्हा करणे, हेच शास्त्रीय रीतीस धरून होय.