अजिंठ्याचा डोंगर आणि बुलढाण्याचा घाटमाथा

अजिंठा म्हटले की लेण्यांचे स्मरण होते. परंतु ज्या रांगेत ती लेणी कोरली गेली, ती पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्यात दूरवर गेली आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात या डोंगराचा धम्माच्या इतिहासाशी असलेला संबंध आपण थोडक्यात पाहू.

या रांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे तालुके घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हे घाटाखालचे. वऱ्हाडच्या जुन्या कागदपत्रांतील बालाघाट व पायनघाट ते हेच. हा डोंगर जलविभाजकही आहे. उत्तर उतारावरील नळगंगा, विश्वगंगा व ज्ञानगंगा पूर्णेस मिळतात आणि ते पाणी तापीवाटे पश्चिम समुद्रास जाते. पैनगंगेचे पाणी मात्र वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने पूर्व समुद्रास पोहोचते.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गातील वत्थुगाथेत गोदातीरी राहणाऱ्या बावरीचे सोळा शिष्य भगवंतांच्या भेटीस निघतात. त्यांच्या मार्गात पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिसा ही नगरे येतात. पतिट्ठान म्हणजे पैठण, माहिस्सती नर्मदाकाठी. या दोहोंमध्ये अजिंठ्याची रांग आडवी आहे; ती ओलांडल्यावाचून हा प्रवास संभवत नाही. मात्र कोणत्या खिंडीतून, हे गाथा सांगत नाही. बुलढाण्याचा उल्लेखही तीत नाही.

म्हणूनच गावाच्या नावात 'बुद्ध' शोधण्याचा मोह उपासकांनी आवरावा. बुलढाणा हे नाव 'भिलठाणा' यावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. पुरावा भूमीत आहे. घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या खोऱ्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आढळल्या. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते.

शेतास पाणी हवे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या स्तूपामुळे या खोऱ्यातील धम्माचा इतिहास तर्कावर नव्हे, प्रत्यक्ष अवशेषांवर उभा राहतो, त्याची संपूर्ण नोंद व जतन व्हावयास हवे. उपासकांनी तेथील वीट श्रद्धेपोटीही घरी नेऊ नये. वीट जागेवर असते तोवरच ती साक्ष देते.