घाटावर ऐकलेले बँड

आमच्या कन्नड गावात ‘बँड’ म्हटलं की अजूनही लग्नाची वरातच डोळ्यांपुढे येते. गाडीवर भोंगे, मधे कीबोर्ड आणि बेंजो, मागे ताशा. निघताना देवाचं गाणं, चौकात हिंदी सिनेमा आणि मांडव जवळ आला की औट्रम घाट चढून आलेलं अहिराणी गाणं. घाटाखाली चाळीसगाव, म्हणजे खानदेशच. आमच्या वरातीत अहिराणीवर नाचताना कुणी अर्थ विचारत बसत नाही. गाण्यांची सरमिसळ आम्हाला नवी नाही, ‘फ्यूजन’ हा शब्द तेवढा उशिरा आला.

तिकीट काढून ऐकायचे बँड मात्र आमच्याकडे मोबाइलमधूनच पोचले. माझ्यापुरता पहिला म्हणजे दिल्लीचा इंडियन ओशन. त्यांचा ‘कंदिसा’ हा अल्बम 2000 सालचा. माझ्या हाती तो बऱ्याच वर्षांनी, एका विद्यार्थ्याच्या मेमरी कार्डातून आला. शीर्षकगीत म्हणजे अरामी भाषेतली जुनी ख्रिस्ती प्रार्थना, आणि त्याच अल्बममध्ये नर्मदेवरचं ‘मा रेवा’. बास वाजवणाऱ्या राहुल राम यांनी नर्मदा आंदोलनात काम केलेलं, हे नंतर कळलं. ज्या गळ्यामुळे मी ते पुन्हा पुन्हा ऐकत होतो तो असीम चक्रवर्ती यांचा; तबला वाजवता वाजवता गायचे. नाव शोधलं तेव्हा कळलं की डिसेंबर 2009 मध्येच ते गेले. बँड आजही आहे, कार्यक्रम होतात, पण मी कानाने ओळखत होतो तो संच आता कुठल्याच मंचावर दिसणार नाही. उशिरा ऐकणाऱ्याच्या वाट्याला हे असं येतं.

मराठीत धक्का दिला तो मुंबईच्या अभंग रिपोस्ट या बँडने. संतांचे अभंग, सोबत इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स. पहिल्यांदा ऐकताना मी जरा अंग चोरूनच ऐकलं. अभंगाला जीन्स घालणारे बरेच पाहिले होते. पण इथे जोड उसवत नव्हता. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, धुमाळीही आठांची. रॉकची मोजणी चाराची. चाराची दोन आवर्तनं झाली की दोघे एकाच समेवर येतात. शिवाय ध्रुपद दर कडव्यानंतर परत येतं, पुढच्याने म्हटलं की मागच्यांनी झेलायचं. बँडला समोरच्या गर्दीकडून जे हवं असतं, ते वारकऱ्याच्या अंगवळणीच पडलेलं. तरी सगळंच जमतं असं नाही. ड्रम्स फार पुढे सरसावले की शब्द गुदमरतात, आणि अभंगात शब्द गेला तर उरतो नुसता उत्साह.

आमच्याच जिल्ह्यात, पैठणला, संत एकनाथांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, गोंधळी यांची सोंगं आणि त्यांच्या गाण्याच्या चाली भारुडात घेतल्या. रस्त्यावरचा ऐवज उचलून त्यात अध्यात्म भरलं. अभंगाला गिटार लावल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी भारुड नीट ऐकलेलं नसावं, असा माझा संशय आहे.

अभंग रिपोस्ट मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आषाढीच्या आधी मंदिरात भजनाला पखवाज धरणाऱ्या तात्यांच्या कानाशी मोबाइल नेला. त्यांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं चालू झाली. दोन आवर्तनं गेली.

“ठेका आपलाच हाय,” ते म्हणाले. “पण लई घाईत हाय.”

मी बंद करायला हात पुढे केला.

“राहू द्या ना मास्तर. आता गजर येईल त्यात.”

गजर आला. तात्यांनी टाळी दिली, बरोबर समेवर. मग मोबाइल उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, “हे लोक संभाजीनगरला येत्यात का कधी? आले तं सांगा. यष्टीनं जाऊ.”