काट्याशिवाय वजन

ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात काय किंवा मुंबईच्या केईएममध्ये काय, पक्षाघाताचा बेशुद्ध रुग्ण काट्यावर उभा कसा करणार? आणि गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस तर वजनावरच ठरतो: किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. नजरेचा अंदाज बराच चुकू शकतो.

सीटी स्कॅन इथे कामी येतो. क्ष-किरण कुठे किती अडले, हे तो हाउन्सफील्ड एककात नोंदवतो: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास. त्यावरून घनता काढायची, तिला आकारमानाने गुणायचे. पण स्कॅन डोक्याचाच असेल तर? उरलेले शरीर सूत्रानेच अंदाजावे लागते, आणि कवटी वजनाबद्दल फारसे बोलत नाही! छाती-पोटाचा स्कॅन जास्त भरवशाचा. तरीही नातेवाइकांनो, रुग्णाचे वजन ठाऊक असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.