सेकंदाला पन्नास ठोके

ठाण्याहून डोंबिवलीला लँडलाइन लावायची तर आधी 0251 फिरवावा लागतो. ठाणं मुंबईच्या 022 मध्ये गेलं, कल्याण-डोंबिवलीला वेगळा कोड मिळाला. लोकलने अर्ध्या तासात येणारं गाव टेलिफोनच्या हिशेबी परगावच. पण वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात नुसतं 204 दाबूनही फोन लागू शकतो. दोन्हीकडे इंटरनेट हवं आणि कुठेतरी ॲस्टेरिस्क हे सॉफ्टवेअर चालू हवं. 1999 साली अमेरिकेत शिकत असलेल्या मार्क स्पेन्सरला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्याने ते सॉफ्टवेअरमध्येच लिहून काढलं आणि सगळ्यांना खुलं केलं.

आता ॲस्टेरिस्कला स्वतंत्र कॉम्प्युटरही लागत नाही. भाड्याच्या सर्व्हरवरच्या एका कंटेनरमध्ये ते मावतं. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. दार-कुलूप आपलं, गच्चीवरची टाकी सगळ्यांची. ती टाकी म्हणजे लिनक्सचा कर्नल. मेमरी त्याच्याकडूनच घ्यायची, आणि घड्याळसुद्धा.

या घड्याळाचं मला फार नवल वाटतं. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जातो आणि दर 20 मिलिसेकंदांना 160 नमुन्यांचं एक पाकीट निघतं. सेकंदाला 50 पाकिटं! पाच जण कॉन्फरन्सवर असतील तर प्रत्येक ठोक्याला सर्व्हर पाचही आवाजांची बेरीज करतो आणि ज्याला पाठवायचं त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वजा करतो. नाहीतर प्रत्येकाला आपलेच शब्द परत ऐकू आले असते. हे गणित तासन् तास चालतं आणि बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

पूर्वी हा ठोका टेलिफोनच्या कार्डातून किंवा कर्नलमध्ये घातलेल्या खास मॉड्यूलमधून मिळे. कंटेनरला तशी परवानगी नसते, कारण कर्नल शेजाऱ्यांचाही असतो. मग कॉन्फरन्स अडायची. 2008 मध्ये लिनक्स 2.6.25 आलं आणि कुठल्याही साध्या प्रोग्रामला कर्नलकडून नेमके ठोके मागता येऊ लागले. पुढे ॲस्टेरिस्कनेही तीच सोय वापरली. आज त्याच्या पडद्यावर ‘टायमिंग टेस्ट’ असा हुकूम दिला की उत्तर येतं: 1000 मिलिसेकंद झाले, 50 ठोके मिळाले. हे उत्तर एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

पत्त्याचा घोळ मात्र उरतोच. आवाज कुठे पाठवायचा हा पत्ता कॉल जोडणाऱ्या निरोपाच्या पोटात लिहिलेला असतो, आणि कंटेनर तिथे आपला खोलीतला खासगी पत्ता लिहून मोकळा होतो. फोन वाजतो, उचललाही जातो, पण एका बाजूला चिडीचूप. म्हणून बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये हाताने सांगावा लागतो. शिवाय आवाजासाठी सहसा 10000 ते 20000 हे पोर्ट राखून ठेवतात. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये ते सगळे उघडायला गेलं तर एकेका पोर्टामागे वेगळी प्रक्रिया उभी राहून सर्व्हर गुदमरतो. जाणकार कंटेनरला थेट मूळ मशीनचंच नेटवर्क देतात, किंवा पोर्ट शंभरावर आणतात. दोघांच्या कॉलला चार पोर्ट लागतात, म्हणजे शंभरात एका वेळी पंचवीस कॉल.